कंबर दुखते, की हप्ता?

(प्रभागसंघाच्या बैठकीतील भाषण)



चोपडा असो की शिरपूर, कापूस वेचणीत कंबर दुखणारच. पण वेचणी संपून दोन महिने झाले तरी मान आखडलेली, पोटात जळजळ, रात्री दोनला जाग, पाळी मागेपुढे? आपण दुकानातून दुखण्याची गोळी आणतो. रोज उपाशीपोटी ती घेतली की जळजळ अजून वाढते.

काळजी लागली की मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडतात. शेतात साप दिसला तर पळायला तो कामाचा. पण हप्ता, पडलेला भाव, घरातली दारू, हे साप रोज उंबऱ्यातच बसलेले! मग झोप उडते, बीपी चढतो. सासू म्हणते सोंग करते. सोंग नाही माय, ते.

शरीर सावरतं, पण महिन्यांच्या हिशोबाने. आधी उपकेंद्रात बीपी, साखर, हिमोग्लोबिन तपासा. रक्त कमी असलं तरी असाच थकवा येतो. झोपायची वेळ ठरवा, संध्याकाळनंतर चहा नको. श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा, पाच मिनिटं. आसोद्याच्या बहिणाबाई काम करता करता गायच्या, तसं गुणगुणलात तरी श्वास लांबतो.

आणि हप्ताच थकणार असेल, तर नुसत्या श्वासाने काय होणार? थकायच्या आधी गटात सांगा. गटाच्या कर्जाला मुदतवाढीचा ठराव बैठकीत घेता येतो.

जीव नकोसा झाला तर १४४१६ लावा. टेलि-मानस, २०२२ पासून सुरू आहे. फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. नंबर आजच गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा.