रेंज दिसते, तरी बोलणं का तुटतं?

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरीच्या जंगलपट्ट्यात फोनवर रेंजच्या दांड्या दिसतात… तरी बोलणं तुटतं. कारण दांड्या टॉवरकडून येणाऱ्या लहरींची ताकद दाखवतात. टॉवर जोरात बोलतो. हातातल्या फोनची ताकद मात्र तुटपुंजी. मध्ये डोंगर, आणि पावसाळ्यात ओलीचिंब, दाट झाडी. म्हणजे टॉवरचं फोनला ऐकू येतं… फोनचं टॉवरला येत नाही. शिवाय डेटा थोडा उशिरा आला तरी चालतो. आवाज उशिरा आला, की शब्दच गळतो. म्हणून जंगलातली आखणी आधी बोलण्यासाठी हवी.

(विराम)

कुणी म्हणेल, टॉवर वाढवा. ते हवेतच. सेवा न पोहोचलेल्या गावांसाठी केंद्रानं २०२२ मध्ये फोर-जी योजना मंजूर केली. पण प्रत्येक टॉवरला वीज लागते, मुख्य जाळ्याशी जोडणी लागते, वनजमिनीवर परवानगी लागते. म्हणून इथं ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी आधी याव्यात. त्या दूर जातात… झाडीत कमी अडतात. त्यांवर डेटाला जागा कमी मिळते, हा आक्षेप खरा आहे. गोंदियाच्या बाजारात तो महत्त्वाचा. तिथं जास्त वारंवारतेच्या लहरी वापराव्यात. जंगलातल्या टोल्यावरून रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावणाऱ्याला मात्र आधी न तुटणारं बोलणं हवं.