डोकी टाकू नका, सार करा

आज बोलायचं आहे कोळंबीच्या दाट साराबद्दल. मालवणकडे आपण तिला सुंगटं म्हणतो.

पाव किलो कोळंबी आणली की कालवणात ती मोजूनच पडते. आधी मुलांना, मग पुरुषांना. शेवटी वाढणारीच्या ताटात नुसता रस्सा उरतो. आणि सोलताना डोकी-सालं आपण मांजरीपुढे टाकतो. खरी चव तर त्यातच असते! फ्रान्समध्ये अशाच कवचांचं 'बिस्क' नावाचं दाट सूप करतात. कवचं परतायची, उकळायची, गाळायची, आणि जुन्या रीतीने तांदळाने दाटपणा आणायचा. त्यात साय घालतात. आपल्याकडे मासे आणि दूध एकत्र करत नाहीत, पण आपल्या दारात नारळ आहे. तेव्हा साय नको, नारळाचं दूध घेऊ.

सहा जणांसाठी पाव किलो कोळंबी आणि एक मध्यम नारळ पुरे.

कोळंबी ताजीच हवी. डोकं घट्ट चिकटलेलं, वास समुद्राचा. डोकं काळं पडलं असेल, लोंबत असेल किंवा उग्र वास मारत असेल तर सार करू नका. कोळंबी आधी डोक्याकडूनच खराब होते.

कोळंबी सोलून पाठीतला काळा दोरा काढा. मीठ-हळद लावून बाजूला ठेवा. डोकी-सालं दोन पाण्यांनी धुऊन निथळत ठेवा.

टोपात दोन चमचे तेल तापवा. एक कांदा, ठेचलेल्या पाच-सहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, पाच-सहा मिरी टाका. कांदा मऊ झाला की डोकी-सालं टाकून ५-६ मिनिटं परता, पळीने डोकी दाबा. कवचात लपलेला लाल रंग आच लागली की सुटतो आणि तेलात उतरतो. पाण्यात तो तसा उतरत नाही. म्हणून आधी परतायचं, मग पाणी घालायचं.

आता सहा वाट्या पाणी घालून झाकण ठेवा. मंद आचेवर २० मिनिटं पुरेत. मग आधी गाळणीतून आणि नंतर स्वच्छ फडक्यातून गाळा. सालीचा बारीक तुकडा राहिला तर मुलांच्या घशाला टोचतो.

तोवर नारळ खवून एक वाटी कोमट पाण्यात वाटा आणि पिळा. हे दाट दूध वेगळं ठेवा. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा वाटा. हे पातळ दूध.

गाळलेल्या पाण्यात पातळ दूध घाला. दोन चमचे तांदळाचं पीठ थंड पाण्यात कालवून त्यात सोडा आणि ढवळत राहा. पाच मिनिटांत दाटपणा येतो. चवीपुरतं मीठ आणि कोळंबी टाका. ती वळली, पांढुरकी-गुलाबी झाली की शिजली. मोठी असेल तरी ३-४ मिनिटं बस. जास्त शिजवलं की रबरासारखी होते.

आच अगदी बारीक करून दाट दूध घाला. आता उकळी येऊ देऊ नका, नाहीतर दूध फुटतं. वाफ दिसली की खाली उतरवा आणि मग दोन आमसुलं टाका. वरून कोथिंबीर.

एक गोष्ट नीट ऐका. कोळंबी खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांध्या येत असतील, ओठ सुजत असतील, तर त्यांना हे सार देऊ नका. कोळंबी काढून नुसतं पाणी दिलं तरी त्रास होतो. श्वास लागला तर घरगुती उपायात वेळ न घालवता तडक दवाखाना गाठा.

आणि आणखी एक समजून घ्या. सालं उकळली म्हणजे त्यातलं कॅल्शियम सारात उतरलं, असं नाही. सालींतून चव मिळते. अंगाला लागतं ते कोळंबीचं मांस. म्हणून कोळंबीचे बारीक तुकडे करून टाका, म्हणजे प्रत्येक वाटीत येतील.

वाढताना सहाही वाट्या एकदमच भरा. त्यातली एक तुमची. बाकीच्यांचं झाल्यावर बघू, असं म्हणू नका. सार गरमच प्यायचं असतं, आणि करणारीनेही.

पुढच्या बैठकीला करून पाहा, आणि पाव किलोत किती जणींचं पोट भरलं ते आम्हाला कळवा.