अंगठ्याजवळचं हाड

मागच्या बैठकीला दाराबाहेरच्या चपला बघून आम्हाला हसू आलं. बऱ्याच चपला अंगठ्याच्याच बाजूला फाटलेल्या! मग एकेकीनं पाय पुढे केले. अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं, अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकलेला. डॉक्टर याला बनियन म्हणतात. हो, अंगात घालतात तसंच नाव!

हे नवं हाड नसतं, सांधाच तिरका झालेला असतो. पायाची ठेवण घराण्यातून येते, अरुंद चपलेनं दुखणं वाढतं. चोळून किंवा पट्टी बांधून अंगठा कायमचा सरळ होत नाही. दुखणं मात्र कमी करता येतं.

आम्ही वहीच्या कागदावर उभं राहून दोन्ही पाय पेन्सिलीनं आखून घेतले. चप्पल त्यावर ठेवली, तर निम्म्याजणींची रेघ चपलेबाहेर! नंबर वाढवून भागत नाही, टाच सरकते. पुढून रुंद, तळ जाड, पट्टा सैल करता येईल अशी चप्पल बघा. अंगठ्याची चप्पल हाडावर घासते. खरेदी संध्याकाळी करा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

आमच्यातली एक काकू दुखतं म्हणून अनवाणीच शेतात जायची. तिला साखरेचा आजार. अशा पायाची जखम लवकर कळत नाही, चिघळते. तिला आधी दवाखान्यात नेलं. मग चपलेसाठी गटातून कर्ज मागितलं, तेव्हा दोघी म्हणाल्या, "चपलेला कुठं कर्ज देतात?" पोरांच्या बुटांना आपण कधी असं विचारलंय का? ठराव झाला. काकू परवा बाजारात निघाली आहे, कागद घेऊन.