डोळ्यातला वण



लहानपणी गुडघा फुटायचा, खपली धरायची आणि मागे वण राहायचा. त्या वणाने आपलं काही अडलं नाही. तसाच वण डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर उठला, तर मात्र नजर जाते.

उतारवयात होणारा पीतबिंदूचा ऱ्हास घ्या. पीतबिंदू हा दृष्टिपटलाचा मधला भाग, जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा. वाचणं, सुई ओवणं, नातवाचा चेहरा ओळखणं, सगळं त्याच्यावर अवलंबून. या आजाराच्या ‘ओल्या’ प्रकारात पटलाखाली नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वाढतात आणि पाझरू लागतात. शरीर त्याला जखम समजतं आणि दुरुस्तीला लागतं.

रक्तातल्या भक्षक पेशी तिथे धावून येतात. दृष्टिपटलातल्या मायक्रोग्लिया पेशीही जाग्या होतात. त्यांचं काम साफसफाईचं. पण काम लांबलं की त्या टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन सोडत राहतात. त्याच्या प्रभावाने पटलाला पोसणाऱ्या रंगद्रव्यपेशी आपलं मूळ काम टाकून रूप पालटतात आणि कोलॅजेनचे चिवट धागे तयार करू लागतात. धाग्यांची ती जाळी, म्हणजेच वण, आवळत जाते आणि तिच्यावरच्या प्रकाशग्राही पेशी मरतात. जंतूंशी लढणारी पूरक प्रथिनंही तिथला दाह वाढवतात. त्यांना आवर घालणाऱ्या ‘फॅक्टर एच’च्या जनुकातला एक फरक या आजाराचा धोका वाढवतो, हे 2005 मध्ये उघड झालं.

डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी या रक्तवाहिन्या आवरतात आणि असंख्य लोकांची नजर वाचते. तरीही अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, उपचार चालू असताना 2 वर्षांत सुमारे 45 टक्के डोळ्यांत वण आढळला. झालेला वण विरघळवणारं औषध आज उपलब्ध नाही. म्हणूनच संशोधकांचं लक्ष आता वण घडवणाऱ्या या पेशींवर आणि प्रथिनांवर आहे.

आपल्या हाती आहे ती वेळ. घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेक डोळा झाकून दाराची चौकट पाहायला सांगा. सरळ रेघ वाकडी दिसली किंवा मधोमध डाग दिसला, तर चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या. वण धरण्याआधी गेलात, तरच नजर वाचवता येते.