डॉ. कोटणीसांच्या ओळखीचं चिनी खेडं



मुंबईत परळच्या भोईवाड्यातून आचार्य दोंदे मार्गानं केईएमकडे निघालं की रुग्णालयाला लागूनच एक जुनं महाविद्यालय लागतं. सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज. आपण त्याला नुसतं जी. एस. म्हणतो. १९२६ साली ते सुरू झालं, तेव्हा इथली अध्यापकमंडळी भारतीयच असतील, असा देणगीदारांचा आग्रह होता. दहा वर्षांनी, म्हणजे १९३६ मध्ये, सोलापूरचा एक तरुण इथून डॉक्टर होऊन बाहेर पडला. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

कोटणीस चीनला गेले, तिथल्या जखमींची सेवा करता करता तिथेच वारले, एवढं आपल्या सगळ्यांना ठाऊक असतं. यातलं बरंचसं आपण सिनेमातून शिकलो. त्या सिनेमाचाही आपल्या परळशी संबंध आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ साली कोटणीसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यावरून व्ही. शांताराम यांनी परळच्याच राजकमल कलामंदिरात ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. तो १९४६ साली आला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली आणि त्यांच्या चिनी पत्नीची जयश्रीबाईंनी. चित्रपटातले कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि शेवटी प्लेगनंच जातात. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू अपस्मारानं झाला. सिनेमाला नाट्य लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण या नाट्यात एक गोष्ट मागे राहिली. ती म्हणजे चीनमधलं साधं, रोजचं खेडं. त्या खेड्यात हा सोलापूरकर राहिला कसा, आणि ते त्याला कळलं कसं, याबद्दल आज बोलतो.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात. १९३७ मध्ये जपाननं चीनवर आक्रमण केलं. चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. देशभर वर्गणी जमली आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे अटल प्रमुख, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ ला ‘राजपुताना’ बोट मुंबईहून निघाली. पहिले काही महिने शहरांतच गेले. कँटन, हँको, चुंगकिंग. वडील वारल्याची बातमी कोटणीसांना चुंगकिंगला कळली. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं आणि खेड्यातला चीन तिथून सुरू झाला.

येनान पिवळ्या मातीच्या टेकड्यांत आहे. ही माती वाऱ्यानं आणून टाकलेली, मऊ आणि तरीही उभा कडा धरून राहणारी. म्हणून तिथले लोक टेकडीच्या पोटात कमानदार खोल्या खोदतात. पुढच्या बाजूला लाकडी जाळी आणि तिच्यावर चिकटवलेला पांढरा कागद, हीच खिडकी. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. जपानी विमानांनी येनानवर बाँब टाकले, तेव्हा शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळं या गुहाघरांत गेलं.

पुढे कोटणीस आणि बसू पूर्वेकडे, शत्रूच्या पिछाडीला गेले. शान्शी आणि हेबेई प्रांतांच्या सीमेवर तायहांगच्या डोंगररांगा आहेत. मोठी शहरं आणि रेल्वे जपान्यांच्या हातात, डोंगर आणि खेडी चिनी गनिमी सैनिकांच्या हातात, अशी तिथली वाटणी होती. याच भागात कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथ्यून काम करत. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली, तेच निमित्त. त्यांच्या नावानं चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची नेमणूक झाली.

आता ‘रुग्णालय’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर केईएम येतं. दगडी इमारत, वॉर्ड, खाटांच्या रांगा. तिथे यातलं काही नव्हतं आणि ते मुद्दामच नव्हतं. बेथ्यूननी १९३८ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीनं एक आदर्श रुग्णालय उभारलं होतं. थोड्याच दिवसांत जपानी फौजेनं ते उद्ध्वस्त केलं. त्यातून सगळे एक धडा शिकले. गनिमी युद्धाच्या मुलखात इमारत म्हणजे शत्रूला दिलेला पत्ता. म्हणून जखमी माणसं गावागावांत वाटून ठेवायची. या घरात दोन, त्या घरात तीन. शस्त्रक्रिया देवळात किंवा एखाद्या शेतकऱ्याच्या घरात. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या. शत्रू जवळ आला की सामान खेचरांवर लादायचं, जखमींना डोलीत घालायचं आणि डोंगर चढायचा. डोल्या वाहणारे त्याच गावांतले शेतकरी.

कोटणीसांना चिनी खेडं कळलं ते या व्यवस्थेमुळे. वॉर्डमधली फेरी म्हणजे घराघरातून फिरणं. कुठल्या घरात सरपण आहे, कुठे म्हातारी एकटीच आहे, कुणाच्या परड्यात विहीर आहे, हे माहीत असल्याशिवाय जखमी कुठे ठेवायचा ते ठरवता येत नव्हतं. प्रवासी म्हणून जाणाऱ्याला ही माहिती ऐच्छिक असते. कोटणीसांना ती औषधाइतकीच लागत होती.

उत्तर चीनमधल्या शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे ‘खांग’. मातीच्या विटांचा हा भलामोठा ओटा खोलीची निम्मी जागा व्यापतो. शेजारच्या चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवून बाहेर सोडलेला असतो. स्वयंपाक झाला की ओटा तापतो. घरातले सगळे त्यावरच बसतात, जेवतात, शिवण करतात, झोपतात. बाहेर पाणी गोठवणारी थंडी असते आणि सरपण मोजकं, तेव्हा एकाच जाळावर अन्नही शिजावं आणि अंगही शेकावं, अशी ही सोय. जखमी शिपाई आला की त्याला याच ओट्यावर जागा मिळे. म्हणजे कुटुंबाची जागा तेवढी कमी होई.

जेवणात एक गोष्ट सोलापूरच्या माणसाला ओळखीची होती. त्या भागात उंच वाढणारं ‘काओल्यांग’ पिकतं, ती आपली ज्वारीच. आपण तिची भाकरी थापतो, ते दाणे शिजवतात, पीठ वाफवतात, तिची दारूही गाळतात. कणसं काढल्यावर उरलेल्या ताटांची कुंपणं करतात, छपरं शाकारतात, चटया विणतात. गरिबाचं रोजचं अन्न मात्र राळे. राळ्याची पातळ पेज, सोबत खारवलेली भाजी. भाताचा घास दुर्मीळ. १९४१-४२ मध्ये जपान्यांनी गावं जाळण्याचा, धान्य लुटण्याचा, माणसं मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा राळेही पुरेनासे झाले.

ज्वारीचं पीक आणि लढाई यांचाही तिथे जवळचा संबंध होता. उन्हाळ्यात ज्वारी आणि मका माणसापेक्षा उंच होतात. त्या शेतांत गनिमी सैनिकांची अख्खी तुकडी लपू शके. कापणी झाली की रानं उघडी पडत, दूरवरचं दिसू लागे. शत्रूच्या कित्येक मोठ्या मोहिमा शरद ऋतूत निघत, त्याचं एक कारण हे. मोहीम आली की जखमी वाढणार. म्हणजे शस्त्रक्रियेची तयारी कधी ठेवायची, हे डॉक्टरला शेताकडे पाहून कळण्यासारखं होतं.

आणि बायका. जुन्या पिढीतल्या कित्येकींची पावलं लहानपणी बांधून मोडलेली. लांब चालणं त्यांना जमत नसे. पण सैन्याच्या पायातले जोडे त्यांच्याच हातचे. जुन्या चिंध्यांचे थर खळीनं चिकटवायचे, वाळवायचे, तागाच्या दोऱ्यानं घट्ट टाचायचे, की तळवा तयार. डोंगरात असा जोडा लवकर झिजे, म्हणून हे काम कधी संपत नसे. जखमींना भरवणं, त्यांचे कपडे धुणं हेही त्यांच्याकडेच. परिचारिकांची संख्या तुटपुंजी होती. रुग्णालय चाललं ते या घरच्या बायांवर.

अशा ठिकाणी दुभाषा घेऊन काम होत नाही. दुखतं कुठे, ताप कधीपासून, काल काय खाल्लं, हे थेट विचारावं लागतं. कोटणीस चिनी बोलायला शिकले, वाचायला आणि लिहायलाही शिकले. गेगोंग नावाच्या गावात बेथ्यून वैद्यकीय शाळा होती. तिथे ते शस्त्रक्रियाशास्त्र चिनीतून शिकवत. समोर बसलेली पोरं बहुतेक शेतकऱ्यांची, शाळेचं तोंड फारसं न पाहिलेली. त्यांच्यासाठी त्यांनी पाठ्यपुस्तकही लिहायला घेतलं. गावात त्यांना सगळे ‘के दिहुआ’ या चिनी नावानं ओळखत.

त्याच शाळेत क्वो चिंगलान परिचर्या शिकवत. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव इनहुआ. तोवर कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी आघाडी सोडून जावं, असं सहकाऱ्यांनी सांगून पाहिलं. ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला पहाटे त्यांचं निधन झालं. वय बत्तीस. पुढे १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मारकात नेण्यात आले. मुलगाही वैद्यक शिकत होता, पण १९६७ मध्ये ऐन पंचविशीत तोही गेला. चिंगलान २०१२ पर्यंत होत्या आणि भारतात अनेकदा येऊन गेल्या.

श्रोतेहो, त्या काळात चीनच्या खेड्यात पोचलेले परदेशी लोक बरेच होते. एडगर स्नो, ॲग्नेस स्मेडली यांच्यासारख्या पत्रकारांनी उत्तम पुस्तकं लिहिली. ती मंडळी प्रश्न विचारायला गेली होती आणि गावानं त्यांना उत्तरं दिली. कोटणीसांच्या बाबतीत उलटं घडलं. गावाला त्यांच्याकडून काही हवं होतं आणि ते देण्यासाठी त्यांना गाव शिकावं लागलं. मला वाटतं, परक्या मुलखातला रोजचा संसार कळण्याचा हाच भरवशाचा मार्ग आहे. आपण तिथे उपयोगी पडू लागलो, की घरं आपोआप उघडतात. नुसतं पाहायला आलेल्या पाहुण्याला लोक चांगली बाजू दाखवतात. कामाच्या माणसापुढे रिकामी कणगी झाकून ठेवण्यात अर्थ नसतो.

आज मुंबईचे पर्यटक बीजिंग आणि शांघाय पाहून परततात. बीजिंगहून शिजियाझुआंगला वेगवान रेल्वेनं दीड तासाच्या आत पोचता येतं. तिथून पुढे तांग तालुक्यात बेथ्यून आणि कोटणीस या दोघांचं एकत्र स्मारक आहे. जमलं तर सहलीत एक दिवस तिकडे काढा. आणि जाण्याआधी, ज्वारी तिथे कशी शिजवतात एवढा एक प्रश्न तरी चिनीत विचारायला शिकून जा.