सिनेमा पाहावा, पण डोळे उघडे ठेवून

(विहारात वर्षावासाच्या प्रवचनमालेत केलेले भाषण)



समितीने विषय विचारला तेव्हा मी "सिनेमा" म्हणालो. दोघे-तिघे हसले. एका ज्येष्ठ उपासकांनी तर विचारलं, "विहारात सिनेमा? अष्टशीलात काय सांगितलंय ते ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. उपोसथाच्या दिवशी आपण अष्टशील घेतो, तेव्हा नाच, गाणं, खेळतमाशे यांपासून दूर राहतो. रोजच्या पंचशीलात ही अट नाही. गृहस्थाने इतर दिवशी काय पाहावं हे त्याच्या विवेकावर सोडलेलं आहे.

आणि आपली चळवळ तर गाण्यांतूनच वस्तीवस्तीत पोचली. भीमराव कर्डकांचे जलसे झाले. वामनदादा कर्डकांच्या लेखणीची सुरुवातच सिनेमाच्या गाण्याच्या विडंबनापासून झाली. किती भीमगीतं सिनेमाच्या चालीवर आहेत, मोजा. गिरणगावातला कामगार पाळी सुटली की लालबागच्या भारतमाता टॉकीजला जायचा, तो काही त्यामुळे बिघडला नाही. तेव्हा करमणुकीला नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पाहताना पडद्यावर आपला माणूस कुठे उभा आहे ते पाहा. वर्षानुवर्षं तो नव्हताच. असला तर हात जोडून, मार खाऊन, नायकाची वाट बघत. बाबासाहेबांची तसबीरसुद्धा पडद्यावर क्वचितच दिसायची.

मग नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा हा माणूस. कैकाडी कुटुंब डुक्कर धरायला धावतंय, गाव हसतंय. डुक्कर हाताशी आलं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं. सगळं कुटुंब जागच्या जागी उभं, डुक्कर मात्र पळालं! थिएटरात लोक हसतात इथे. हसू कुठून आलं, हे घरी गेल्यावर विचारा स्वतःला. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून ते लोक शाळेच्या भिंतीजवळून जातात, आणि त्या भिंतीवर बाबासाहेब आहेत, सावित्रीबाई आहेत. कुणी एक शब्द बोलत नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे येतो.

आता 'सैराट'. २९ एप्रिल २०१६ ला लागला. अजय-अतुलचं 'झिंगाट' लग्नात वाजलं, गणपतीत वाजलं, आपल्या जयंतीच्या डीजेवरही वाजलं. पोरं नाचली. नाचू द्या, तरुण वय आहे. पण त्या सिनेमाचा शेवट आठवा. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात. आर्ची चहा करते. मग शेजारणीकडून परतलेलं लेकरू घरात येतं, आणि रडत बाहेर जातं तेव्हा त्याची पावलं रक्ताने उमटतात. पडद्यावर आवाज नाही, संगीत नाही. ज्या अजय-अतुलने एवढं नाचवलं, त्यांचं एक वाद्यही तिथे नाही.

हे काय नुसतं कथेत घडतं? त्याच्या दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ ला, तेव्हाच्या नगर जिल्ह्यात खर्डा गावी आपल्या समाजातल्या सतरा वर्षांच्या पोराला वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून ठार मारलं. २०१७ साली आरोपी कोर्टातून निर्दोष सुटले. मायबहिणींनो, त्या आईने 'झिंगाट' कसं ऐकलं असेल? मी गाणं बंद करा म्हणत नाही. ज्या सिनेमाचं गाणं आपण वाजवतो त्याचा शेवट पोरांना माहीत असावा, इतकंच.

२०१८ साली याच कथेवरून हिंदीत 'धडक' काढला. गाव उदयपूर, कपडे झकपक, मासेमाराच्या पोराच्या जागी हॉटेलवाल्याचा मुलगा. आणि जात? ती जवळजवळ गायब! मरण ठेवलं, मरणाचं कारण काढून टाकलं. असा सिनेमा बघायला हरकत नाही, पण काय काढून टाकलंय ते ओळखता आलं पाहिजे. कालामांना तथागतांनी हेच सांगितलं होतं, नुसतं ऐकीव आहे म्हणून मानू नका. जाहिरातीलाही ते लागू आहे.

तमिळ भाषेतले लोक यात फार पुढे गेलेत, बरं का. पा. रंजित यांचा 'काला' (२०१८) आपल्या धारावीतला. रजनीकांतच्या जीपचा नंबर बघा, त्यात 'बीआर' आहे आणि १९५६ आहे. कुणी भाषण करून सांगत नाही. ज्याला चौदा ऑक्टोबर माहीत आहे त्याला कळतं. आमच्या घरी नातवंडांनी सिनेमा थांबवून थांबवून तो नंबर वाचला. 'झुंड'मध्ये (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतली जयंती आहे, आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर अमिताभ बच्चन हात जोडून उभे आहेत. एवढा मोठा नट आपल्या जयंतीत दिसायला किती वर्षं गेली, त्याचा हिशोब ज्येष्ठांनी करावा.

'जय भीम' (२०२१) मात्र सगळ्यांनी पाहावा. इरुळर आदिवासी बाईच्या नवऱ्याला पोलीस कोठडीत मारतात, आणि वकील चंद्रू तिची केस लढतो. मारहाणीचे प्रसंग कठीण आहेत, लहान मुलांना त्या वेळी बाहेर पाठवा. पण शेवटी परत बोलवा. त्या बाईची चिमुरडी अल्ली वकिलासमोर खुर्चीत बसते, वर्तमानपत्र हातात घेते. वकील पायावर पाय टाकून बसलेला असतो. तिचा पाय जरा अडखळतो. वकील मान हलवतो, आणि मग तीही पायावर पाय टाकून पेपर वाचायला लागते.

येत्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, उपोसथ सोडून, समितीने हा सिनेमा विहाराच्या अंगणात दाखवावा अशी माझी विनंती आहे. पडद्याची चादर मी आणतो. जय भीम, नमो बुद्धाय!