खिडकीचे गज आणि आपली झोप

आमच्या बचत गटाकडून दर वेळी पापड, मसाला नाहीतर परसबाग ऐकायची तुम्हाला सवय. आज मात्र आम्ही खिडकीवर बोलणार आहोत.

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यातली रात्र तुम्हाला काय सांगायची! शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की घरधनी बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जातो, आणि वस्तीवर उरतो आपण, लेकरं आणि म्हातारी सासू. भोवती पुरुषभर उंचीचा ऊस. दहा पावलांवर माणूस उभा असला तरी दिसायचा नाही. 2024 साली आपल्याकडं रात्री ड्रोन फिरत असल्याची चर्चा झाली, तेव्हा आम्ही कितीतरी रात्री जागून काढल्या.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीकडं अशाच एका पाळीच्या रात्री चोरी झाली. ती लेकरांना घेऊन पुढच्या खोलीत झोपली होती. मागच्या खोलीतून तिचं डोरलं गेलं, आणि डब्यात ठेवलेले गटाच्या हप्त्याचे पैसेही गेले. सकाळी आम्ही धावत गेलो तर खिडकीचं ग्रिल बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेलं. एकही गज वाकलेला नाही. कट्ट्यावर स्क्रू नीट मांडलेले! नव्या घराचं ग्रिल, चांगलं नक्षीदार, पण ते बाहेरून स्क्रूनं बसवलेलं. चोराला ताकद लागलीच नाही, पेचकस पुरला.

हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून भरला. मग एकमेकींच्या घरी जाऊन खिडक्या तपासल्या. निम्म्याहून जास्त घरांत तीच गत. कुठं भिंतीत प्लास्टिकची गिट्टी ठोकून त्यात स्क्रू, कुठं बाभळीच्या चौकटीला वाळवी लागलेली. वाळवीनं पोखरलेल्या लाकडात स्क्रू धरेल कसा?

म्हणून पहिली गोष्ट चौकटीची. चौकट भिंतीत कशानं धरलीय ते बघा. लोखंडी पट्टीचे होल्डफास्ट असतात, शेपटीकडं फाटे केलेले. मिस्त्री त्यांना होलपास म्हणतो. चार फूट उंचीच्या खिडकीला दोन्ही बाजूंना तीन-तीन तरी हवेत, आणि ते नुसत्या मसाल्यात न ठेवता खडीच्या काँक्रीटमध्ये गाडलेले हवेत. हे काम बांधकाम चालू असतानाच होतं. गिलावा झाल्यावर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही, म्हणून त्या दिवशी चहा द्यायच्या निमित्तानं का होईना, तिथं उभ्या राहा.

दुसरी गोष्ट गजांची. ग्रिल किलोवर मिळतं, तर हिशेबही किलोनंच करू. चार बाय चार फुटांच्या खिडकीला अकरा उभे गज धरा. 10 मिलिमीटरचा चौकोनी गज घेतला तर त्यांचं वजन साडेदहा किलोच्या आसपास भरतं, 12 मिलिमीटरचा घेतला तर पंधरा किलो. फरक साडेचार किलोचा. नक्षीची फुलं कमी करा, त्यातच तो निघतो. दोन गजांमधली मोकळी जागा चार इंचांच्या आत ठेवा, म्हणजे लेकराचं डोकंही अडकायचं नाही.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची खिडकी आठवा. बाहेरच्या भिंतीला खालच्या मजल्यावर खिडकी नसायचीच, असली तर लहान आणि उंचावर. उजेड आतल्या चौकातून यायचा. त्या खिडकीचे गज आडव्या पट्टीच्या भोकांतून ओवलेले असत, म्हणून दोन गज फाकवायचे म्हटले तरी पट्टी त्यांना सोडत नसे. आजही फॅब्रिकेशनवाल्याला तेच सांगायचं: दर दीड फुटाला भोकं पाडलेली आडवी पट्टी, गज त्यातून ओवून मग वेल्डिंग. नुसता टाका मारून भागत नाही, सांधा चारही बाजूंनी भरून घ्या. बसवण्याआधी रेड ऑक्साईड लावा, विशेषतः टोकांना. गंज तिथूनच सुरू होतो.

ज्यांच्या ग्रिलला आधीच स्क्रू आहेत, त्यांनी वेल्डिंगवाल्याला बोलवून ग्रिल लोखंडी चौकटीला जोडून घ्यावं. चौकट लाकडी असेल तर आरपार बोल्ट घालावा, नट आतल्या बाजूला. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा पल्ला वर उचलला की रुळातून निघतो. तो बंद असताना वरच्या रुळात एक तुकडा बसवून घ्या, मग उचलायला जागाच राहत नाही.

इतकं सगळं करून झाल्यावर एकीची सासू म्हणाली, "घर केलंस की तुरुंग? गॅस पेटला तर आम्ही निघायचं कुठून?" आम्ही गप्पच झालो. बरोबर होतं त्यांचं. म्हणून मागच्या खोलीतल्या एका खिडकीचं ग्रिल आता बिजागरीवर बसवलंय, बिजागऱ्या वेल्ड केलेल्या आणि कुलूप आतून. किल्ली देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला असते, बाहेरून हात पोचत नाही तिथं. लाईट घालवून त्यांच्या आठ वर्षांच्या नातीकडून ते कुलूप उघडून घेतलं. पहिल्यांदा तिला जमलं नाही. कुलूपच जड होतं, ते बदललं.